पोटखराब्याला गिऱ्हाईक आलं, पण सौदा कोण करणार?

सातमाळा किंवा त्र्यंबक रांगेच्या पायथ्याला ज्यांचं गाव आहे, त्यांना हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. शनिवारी पहाटे धारा काढायच्या वेळेला शहरी पासिंगच्या दोन-तीन गाड्या देवळासमोर येऊन थांबतात. पावसाळ्यात येणारे पाहुणे वेगळे. ते धबधब्याखाली भिजतात, भजी खातात आणि चिखल करून जातात. गडावर जाणारे वेगळे. ते वाट विचारतात आणि काठी टेकत वर निघतात. पण अलीकडे एक तिसरी जात दिसू लागली आहे. पाठीवर दोराचं भेंडोळं, कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट. ही मंडळी गडाची वाट विचारतच नाहीत. ती विचारतात, "दादा, रस्त्यापासून जवळ, साठ-सत्तर फुटांचा, पक्क्या दगडाचा कडा आहे का कुठं?"

आपला माणूस बुचकळ्यात पडतो. त्याच्या लेखी कडा म्हणजे गुरं पडायची जागा. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'पोटखराबा'. नांगर चालत नाही, गवत धड उगवत नाही. आणि आता त्याच पोटखराब्याला गिऱ्हाईक आलं आहे.

हा पोरखेळ आहे असं म्हणून सोडून देऊ नका. यात थोडा पैसा आहे, बरीच जोखीम आहे आणि जमिनीच्या हक्काचा प्रश्न तर आहेच. गर्दी आल्यावर जागं व्हायचं की आधीच काही ठरवायचं, एवढाच निर्णय गावाच्या हातात आहे. म्हणून हा विषय आज या पानावर घेतला.

पाहुण्याला नेमकं काय हवं आहे?

आधी या खेळाची ओळख करून घेऊ. याला मराठीत प्रस्तरारोहण म्हणतात. उभ्या कातळाच्या खाचा-कपारींत हात-पाय रोवून वर जायचं. दोर असतो तो पडल्यावर धरण्यासाठी, ओढून वर नेण्यासाठी नव्हे. खाली उभा असलेला जोडीदार तो दोर सांभाळतो. आपल्या विहिरीच्या दोरापेक्षा हा दोर वेगळा. तो थोडा ताणला जातो, त्यामुळे पडणाऱ्याच्या कमरेला हिसका कमी बसतो. म्हणूनच "आमच्याकडंबी लई दोर हाये" म्हणून घरचा कासरा कुणी पुढे करू नये.

शहरांत या खेळासाठी कृत्रिम भिंती उभ्या राहिल्या आहेत. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला आणि २०२४ ला पॅरिसमध्येही झाला. भिंतीवर शिकलेल्या पोरापोरींना मग खरा दगड हवासा वाटतो. पण त्यातल्या बहुतेकांना कोकणकड्यासारखा भयंकर कडा नको असतो. त्यांना हवा असतो मध्यम अवघड दगड. या खेळात अवघडपणा मोजायच्या पद्धती आहेत. अमेरिकेतल्या पद्धतीत ५.० पासून ५.१५ पर्यंत आकडे चढत जातात. साधारण ५.५ ते ५.८ हा मध्यम टप्पा. म्हणजे पकड चांगली, पण चुकलं तर दोराशिवाय भागणार नाही असा. नोकरी करून शनिवार-रविवारी येणारा माणूस बहुधा याच टप्प्यातला असतो. संख्येने हेच जास्त, आणि गावाच्या कामाचेही हेच.

अशा माणसाच्या मागण्या चार-पाचच आहेत. गाडीपासून अर्ध्या तासाच्या आत कडा. उंची पन्नास ते नव्वद फूट. दगड घट्ट. वर दोर बांधायला भक्कम जागा. उन्हाळ्याच्या तोंडाला सावली मिळावी म्हणून उत्तरेकडे तोंड असलेली बाजू. आणि वर गेल्यावर नजरेला डोंगर दिसले पाहिजेत. शेवटची गोष्ट आपल्याकडे फुकट आहे. साताठ माथे एका रांगेत उभे असलेली सातमाळा पाहायला लोक दुरून येतात, आणि आपल्याला ती बांधावरून रोज दिसते.

आपला दगड कसा आहे?

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे लाव्हारसाचे थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास एकावर एक सांडत गेलेले. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: एक उभा कडा, मग गवताचा उतार, पुन्हा कडा. कड्याचा थर कठीण असतो. दोन थरांच्या मधे मात्र कुठं कुठं लाल, ठिसूळ माती-दगडाचा पट्टा येतो. विहीर खोदणाऱ्याला हा पट्टा चांगला ठाऊक असतो. पहार लावली की भुगा पडतो. चढणाऱ्याचा हात नेमका तिथं पडला तर दगड हातात येतो.

कर्नाटकातल्या बदामीला गावाला लागूनच लाल वालुकाश्माचे कडे आहेत, हंपीला ग्रॅनाइटचे गोटे आहेत. देशभरातले चढणारे तिथं जातात, कारण तो दगड भरवशाचा आहे. आपल्या दगडाला ती ख्याती नाही. पण सगळा सह्याद्री ठिसूळ आहे असंही नाही. जिथं कठीण थर सलग आहे, पाणी झिरपत नाही, गवताची मुळं कपारीत शिरलेली नाहीत, तिथं उत्तम दगड मिळतो. पाथरवट हातोडीने ठोकून दगडाचा आवाज ऐकतो ना? चढणाराही तेच करतो. खणखणीत वाजला तर पक्का, भदभद वाजला तर पोकळ.

आपल्या जिल्ह्यात नावाजलेल्या जागा बहुतेक सुळक्यांच्या आहेत. मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या शेजारी उभी असलेली हडबीची शेंडी. रेल्वेतून दिसणारा तो अंगठा बहुतेकांनी पाहिला असेल. तिचा शेवटचा कातळटप्पा दोराशिवाय होत नाही. धोडपच्या शेजारचा इखारा तसाच. या जागा नवख्यांसाठी नाहीत. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांची चित्रं घरोघरच्या मोबाईलवर पोचली आहेत, पण तो खोदीव पायऱ्यांचा गड. तिथं प्रस्तरारोहण होत नाही, होते ती गर्दी. एकाच अरुंद जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. एकाच जागेचं नाव झालं आणि पायथ्याची व्यवस्था मागे राहिली, तर काय होतं याचा धडा हरिहरने दिला आहे.

मध्यम दर्जाचे, रस्त्यालगतचे कडे याच्या उलट आहेत. ते प्रसिद्ध नाहीत. त्यांना बहुधा नावंही नाहीत. असली तर ती तुमच्या गावापुरती: वाघजाळी, घारीचा कडा, म्हसोबाची भिंत अशी. एका तालुक्यात असे पाच-सहा कडे पाच-सहा गावांत निघाले, तर गर्दी वाटली जाते आणि पैसाही वाटला जातो. लहान कड्याचं खरं मोल इथं आहे.

पैशाचा हिशेब

उदाहरणापुरता हिशेब मांडू. आकडे तुमच्या गावच्या दराने बदलून घ्या. दहा जणांचा गट शुक्रवारी रात्री आला आणि रविवारी दुपारी गेला. जेवणं चार, माणशी दीडशे रुपये धरले तर ६,००० रुपये. दोन वेळचा चहा-नाश्ता साठ रुपयांप्रमाणे १,२००. दोन रात्रींचा ओसरीवरचा मुक्काम माणशी दोनशेप्रमाणे ४,०००. दोन वाटाडे, दोन दिवस, आठशे रुपये रोज म्हणजे ३,२००. बेरीज झाली १४,४००. हंगामात असे दहा गट आले तर १,४४,०००. यातून किराणा, गॅस आणि घरच्या बाईमाणसांचे कष्ट वजा करा. ते कष्ट धरत नाही म्हणून आपल्याला धंदा नेहमी फायद्याचा वाटतो!

कुणी लखपती होणार नाही. पण कांद्याकडे बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये उघडली, आणि शुल्क पुरतं जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. शेतातला माल आपला आणि भाव दुसऱ्याच्या हातात, असं दीड वर्ष गेलं. अशा वेळी चार घरांना वर्षाला वीस-तीस हजारांचा आधार मिळाला तर तो थोडा नाही. फक्त त्याला शेतीचा जोडधंदाच समजा. हा धंदा आहे म्हणून शेत विकू नका आणि कर्ज काढून खोल्या बांधू नका.

हंगामाचं गणितही समजून घ्या. पावसात दगड शेवाळतो, चढाई बंद. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत खरा हंगाम. हाच काळ उन्हाळ कांद्याच्या लागणीचा, आणि जानेवारीपासून द्राक्षाच्या तोडणीचा. म्हणजे मजुराची टंचाई असते तेव्हाच पाहुणा येणार. सुदैवाने तो शनिवार-रविवारी येतो. पण "वाटाड्या म्हणून पोरगा गेला आणि लागण राहिली" असं व्हायला नको. ज्या घरात हात जास्त आहेत त्यांनीच यात पडावं.

आणि पाणी. त्र्यंबक-सुरगाण्याच्या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, हे कुणी नव्याने सांगायला नको. पाहुण्याच्या आंघोळीला गावच्या विहिरीचं पाणी द्यायचं का, हे आधी ठरवा. मार्चनंतर मुक्काम बंद, असा नियम गावाने केला तर त्यात गैर काही नाही.

पडला तर खाली कोण उतरणार?

आता कडू भाग. डोंगरात माणूस पडला की आधी पोचतो तो गावचा पोरगा. शहरातून बचावाचं पथक येईपर्यंत रात्र होते. बॅटरीच्या उजेडात, दोराशिवाय, चपला घालून आपली पोरं दरीत उतरतात. त्यांचा ना विमा असतो, ना नाव कुठं छापून येतं. यात आपलंच एखादं पोर गेलं तर त्या घराला काय द्यायचं, याचा विचार कुणी केलेला नाही.

चढणारा जाणता असला म्हणजे धोका टळतो असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एका नामवंत, अनेक वर्षांच्या अनुभवी गिर्यारोहकाचा जीव गेला. लहान कड्यावर धोका कमी असतो, पण साठ फूट म्हणजे सहा मजली इमारत. तिथून पडलेल्याला डोंगर लहान होता हे सांगून काय उपयोग?

लहान कड्यावर धोके मुख्यतः चार. एक, सुटा दगड. वरचा हलवतो आणि खालच्याच्या डोक्यात बसतो. म्हणून कड्याखाली गुरं बांधू नयेत आणि बघ्यांनी उभं राहू नये. दुसरा, आग्या मोहोळ. कुठल्या कपारीत मोहोळ बसतं ते गुराख्याला बरोबर माहीत असतं, शहरी माणसाला नसतं. ही एक माहिती वेळेवर सांगितली तरी जीव वाचतो. तिसरा, दोर वरती कशाला बांधला हे. वाळलेल्या झुडपाला आणि सुट्या धोंड्याला दोर बांधलेला दिसला तर लाजू नका, थांबवा. चौथा, दगडात ठोकलेल्या लोखंडी मेखा.

मेखांचं थोडं सविस्तर सांगतो. दगडाला यंत्राने भोक पाडून त्यात मेख बसवतात आणि तिच्यात दोर अडकवतात. मेख चांगली असेल तर चढाई सुरक्षित होते. पण आपल्या पावसात साधं लोखंड गंजतं. आज ठोकलेली मेख पंधरा वर्षांनी कुणी तपासायची? ज्याने ठोकली तो तोवर परदेशी गेलेला असेल. दगडाला पाडलेलं भोकही भरून येत नाही. म्हणून गावाच्या परवानगीशिवाय एकही मेख ठोकली जाऊ नये. आणि परवानगी दिली तर कुणी, कधी, कोणत्या धातूची, किती मेखा ठोकल्या याची नोंद दप्तरात पाहिजे. बोअरवेलची नोंद ठेवतो ना आपण? तशीच ही ठेवायची.

कडा नेमका कुणाचा?

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. ग्रामसेवकाचं पद २०२४ मध्ये या नावाने बदललं, काम तेच आहे. तलाठीभाऊंचेही आता 'ग्राम महसूल अधिकारी' झाले. नावं बदलली तरी नकाशा त्यांच्याकडेच आहे. पहिलं काम म्हणजे कड्याचा गट नंबर काढणं.

कडा वनजमिनीत असेल तर वनखात्याच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. अभयारण्य किंवा संवर्धन राखीव क्षेत्र असेल तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. अंजनेरीचा डोंगर २०१७ पासून असं राखीव क्षेत्र आहे. कडा लेण्याच्या किंवा गडाच्या संरक्षित हद्दीत असेल तर विषयच संपला. तिथं भोक पाडणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं. पांडवलेणीचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीचं बंधन, हेही विसरू नका. चहाची टपरी बांधताना हे कुणी पाहत नाही, नोटीस आल्यावर पळापळ होते.

कडा गायरानात असेल तर देखभाल पंचायतीकडे असली तरी मनाला येईल तसा वापर बदलता येत नाही. तहसीलदारांकडे लेखी विचारा. आणि कडा कुणाच्या मालकीच्या पोटखराब्यात असेल तर मालकाची लेखी संमती हवी. तोंडी नको. आज दोन भाऊ एक आहेत, उद्या वाटणी होईल.

पेसा क्षेत्रातल्या गावांचा हात इथं अधिक भक्कम आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा, कळवण या तालुक्यांतल्या ग्रामसभांना १९९६ च्या कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी अधिकार दिले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, त्यांना जंगलाच्या रक्षणाचा आणि व्यवस्थापनाचा हक्क आहे. अशा गावाने "बाहेरच्या कंपनीने येऊन काय ते करावं" असं म्हणणं म्हणजे हातातली किल्ली दुसऱ्याला देणं.

बाहेरच्या आयोजकांसाठीही नियम आहे. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात पैसे घेऊन असे उपक्रम करणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. गावात आलेल्या आयोजकाकडे नोंदणीचा कागद मागायला सरपंचांनी संकोच करू नये. त्याने कागद दाखवला तर चहा द्या, नाही दाखवला तर चहा देऊन वाटेला लावा.

गिधाडांचा हंगाम

एक गोष्ट कायद्याच्या पलीकडची आहे. लांब चोचीचं गिधाड उभ्या कड्याच्या कपारीत घरटं करतं. अंजनेरी परिसर त्यासाठी ओळखला जातो. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक औषधामुळे गिधाडं कशी संपत आली आणि २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध कसं बंद झालं, हे जनावरं पाळणाऱ्यांना आठवत असेल. मेलेलं जनावर चार दिवस कुजत पडलेलं आपण पाहतो, तेव्हा गिधाडाची किंमत कळते.

अडचण अशी की गिधाडाचा घरट्याचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो, म्हणजे नेमका चढाईचाही हंगाम. ज्या कड्यावर पांढरी विष्ठा ओघळलेली दिसते आणि मोठे पक्षी बसतात, तो कडा चढाईला द्यायचाच नाही. हा निर्णय गावाने घ्यावा. गुराख्याला हे कडे पाठ असतात. त्याच्याकडून यादी करून घ्या. डोंगरात दहा कडे असतील तर दोन पक्ष्यांचे, एक देवाचा, आणि उरलेल्यांतला एखादा पाहुण्याचा.

दोन गावांच्या दोन गोष्टी

ग्रीस देशात कालिम्नोस नावाचं बेट आहे. खडकाळ, शेतीला फारशी जागा नाही. समुद्रात बुडी मारून स्पंज काढायचा, हा तिथला पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. १९८६ च्या सुमारास स्पंजावर रोग पडला आणि धंदा बसला. आपल्या डाळिंबावर तेल्या पडला तेव्हा काय झालं ते आठवा, म्हणजे कल्पना येईल. पुढे दहा वर्षांनी, १९९६ च्या आसपास, एका इटालियन गिर्यारोहकाच्या नजरेला तिथले कडे पडले. हळूहळू चढणारे येऊ लागले. नगरपालिकेने लक्ष घातलं, वाटा आखल्या, मेखांची देखभाल झाली. आज तिथं चढाईच्या हजारांवर वाटा आहेत. विशेष म्हणजे चढणारे वसंतात आणि शरदात येतात, समुद्रावर मजा करणाऱ्यांचा मोसम नसतो तेव्हा. म्हणजे बेटाला दुसरं पीक मिळालं.

दुसरी गोष्ट जवळची. हंपीसमोर तुंगभद्रेच्या पात्रात विरुपापूर गड्डी नावाचं बेट. तिथले गोटे चढायला देशोदेशीचे तरुण येत. भातशेतीच्या कडेने झोपड्या, खानावळी, विश्रामगृहं उभी राहिली. धंदा जोरात होता. पण हंपी १९८६ पासून जागतिक वारसा. त्या क्षेत्राचे नियम मोडून झालेली ही बांधकामं आहेत, असं न्यायालयाने ठरवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं आणि त्यानंतर ती पाडली गेली. ज्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती त्यांच्या हाती विटा राहिल्या.

दगड दोन्हीकडे होता, पाहुणे दोन्हीकडे आले. एकीकडे स्थानिक सत्तेने आधी व्यवस्था लावली, दुसरीकडे कागद मागून बघू म्हणून आधी बांधलं. आपल्याला हा फरक आजच कळायला हवा, कारण जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि त्यात आपल्या बागलाणातला साल्हेर आहे. १,५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. साल्हेर परिसरात आता पाहुणे वाढणार, टपऱ्या वाढणार, आणि कुणीतरी दोर घेऊन शेजारच्या कड्याकडे बोट दाखवणार. विरुपापूर गड्डीची गोष्ट तिथल्या ग्रामसभेत वाचून दाखवावी अशी आहे.

मग गावाने करायचं काय?

फार काही नाही. पण जे करायचं ते हंगामाआधी.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. म्हातारे गुराखी, डोंगरात फिरणाऱ्या बाया, वनसमितीचे सदस्य यांना बसवून कड्यांची यादी करा. प्रत्येक कड्यापुढे लिहा: जमीन कुणाची, मोहोळ कुठं, पक्षी कुठं, देव कुठं, रस्त्यापासून किती लांब. मग त्यातला एक कडा, फक्त एक, पहिल्या वर्षासाठी निवडा.

तो कडा जाणत्या गिर्यारोहण संस्थेकडून तपासून घ्या. आपल्या जिल्ह्यात आणि राज्यात जुन्या संस्था आहेत. त्यांतले अनेक जण विनामूल्य येतील. त्यांच्याकडून गावच्या चार पोरापोरींना प्रथमोपचार आणि जखमी माणूस उचलून आणायचं तंत्र शिकवून घ्या. चढाईची गोडी लागली तर पुढचं शिक्षणही मिळतं. शेजारच्या गुजरात सरकारची माउंट अबूला संस्था आहे, ती प्रस्तरारोहणाचे प्राथमिक वर्ग घेते. पण एक नियम पक्का करा: शिकल्याशिवाय गावचा पोरगा दुसऱ्याचा दोर धरणार नाही. "तू नुसता धरून उभा राहा" असं म्हणणारा आयोजक त्याच्या गळ्यात फास अडकवतो आहे.

एक वही ठेवा. आलेल्याचं नाव, घरचा फोन, किती जण, किती वाजता गेले, किती वाजता परतले. संध्याकाळी आकडा जुळला नाही तर शोध सुरू करता येतो. ११२ आणि १०८ हे दोन नंबर देवळाच्या भिंतीवर रंगवा, आणि फोनला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते तेही लिहा. आरोग्य उपकेंद्रात स्ट्रेचर आहे का बघा. नसेल तर मागणी करा. ते बाळंतिणीलाही उपयोगी पडेल.

पैशाबद्दल दोन शब्द. ग्रामपंचायतीला काय कर आणि फी घेता येते ते कायद्यात ठरलेलं आहे. त्याबाहेर पावती फाडली तर उद्या तक्रार होईल. वनसमितीमार्फत रीतसर शुल्क घेता येत असेल तर तसं घ्या. घ्याल त्याचा हिशेब फलकावर लावा, आणि त्यातला ठरावीक हिस्सा त्या पोरांच्या विम्यासाठी बाजूला काढा. जे घरी पाहुणे ठेवणार आहेत त्यांनी राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली नोंदणीची चौकशी करावी.

"आधी आमच्या पिण्याच्या पाण्याचं बघा, मग शहराच्या पोरांचे लाड करा," असं ग्रामसभेत कुणीतरी उठून म्हणेल. म्हणू द्या, तो खोटं बोलत नाही. त्याला एवढंच सांगा की पाहुणा तुमच्या ठरावाची वाट बघत थांबलेला नाही. तो येणारच आहे. नियम नसतील तर तो कुठल्याही कड्यावर चढेल, कुठंही मेख ठोकेल, पैसे शहरातल्या आयोजकाला देईल, आणि पडला तर हाक मात्र तुमच्या वाडीला मारेल.

गावाने 'नको' असं ठरवलं तरी हरकत नाही. तसा ठराव करा, वनखात्याला आणि तहसीलला प्रत द्या, फलक लावा. तोही निर्णयच आहे. पण 'हो' म्हणा किंवा 'नको' म्हणा, ते ग्रामसभेत म्हणा, कागदावर म्हणा. पोटखराब्याचा सौदा गावकऱ्यांनी केला नाही, तर तो दुसरं कुणीतरी करील आणि आपल्या वाट्याला फक्त स्ट्रेचर उचलणं येईल.